मेन बंद करण्याआधीची हाक

‘काका! अवो काका, उघडा! मी हाय आत!’

आवाज हरीचा होता. डोंबिवलीतल्या आमच्या रुग्णसाहित्य केंद्राच्या दाराला बाहेरून कुलूप लागलेलं, आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून हरी असा ओरडत होता की समोरच्या इस्त्रीवाल्याची इस्त्री एका शर्टाच्या खिशावर तशीच राहिली. त्या गिऱ्हाइकाला पुढे जन्मभर पेन कानावर अडकवून फिरावं लागलं. वरच्या मजल्यावर क्लासातली पोरं एकोणतिसाच्या पाढ्यात होती, ती अजून तिथेच अडकलीत असं म्हणतात. जोगळेकरकाका किल्ली खिशात टाकून थोडे पुढे गेलेले, ते सावकाश वळले. काकांना घाई कशाचीच नसायची.

‘मी विचारलं होतं,’ काका दाराशी तोंड नेऊन म्हणाले. ‘विजेचा मेन बंद करण्याआधी मी रोज विचारतो. आत कोण आहे, म्हणून. तुम्ही ओ का नाही दिलीत?’

आतून वॉकरवर वॉकर कोसळल्याचा आवाज, आणि पाठोपाठ खाडीकाठची एक अस्सल शिवी, जी या पुरवणीत छापता येणार नाही आणि जी ऐकून केंद्राचं टेबल सांभाळणाऱ्या कुमुदताईंनी दोन्ही कानांवर पदर घेतला. दार उघडल्यावर हरी घामाने निथळत बाहेर आला. काकांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. कुमुदताईंसमोर उभा राहिला आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाला, ‘ताई, एकदा हात लावला असतात तर काय झालं असतं हो?’

हरीचा खालचा आवाज मी आयुष्यात दोनदाच ऐकला. हा पहिल्यांदा. दुसऱ्यांदा त्याच्याच अंगणात, दिवाळीच्या आधी... तो गेला त्याला आता महिना उलटून गेला. मित्र म्हणतात, तू एरवी एवढ्या थापा मारतोस, हरीवर लिही की काहीतरी. लिहायला बसलो की हे कुलूप लावलेलं दारच आधी समोर येतं. तो आत का लपून बसला होता ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

हरी म्हणजे हरेश्वर. कोळशेतच्या कोळ्यांतला. पिढ्यान्‌पिढ्या होडी आणि जाळं. खाडीकडे पाठ करून वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कार्ड पंच करणारा त्या घरातला हा पहिला माणूस. तिथे तो मेंटेनन्सला आणि मी स्टोअरमध्ये. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पहिल्याच दिवशी खिडकीशी येऊन त्याने ‘फ्यूज!’ असं म्हटलं, आणि स्टोअरमधल्या मांडणीवरचे तीन बल्ब गेले. मी म्हटलं, ‘अहो, मी इथेच बसलोय.’ तर म्हणाला, ‘आमच्यात असंच बोलतात. एका होडीतून दुसऱ्या होडीत निरोप द्यायचा तर काय कानात सांगणार?’ पुढे आमची मैत्री जमली ती त्याच्या डब्यावरून. सुकट, बोंबील, जवळ्याची चटणी. मी बोटं चाटून खायचो आणि घरी जाताना दोन पेरू खायचो. माझ्या आईने एकदा विचारलं, ‘तुझ्या शर्टाला वास कसला रे?’ मी म्हटलं, मशीनच्या तेलाचा. ती बिचारी पुढे शेजारणींना सांगत असे, याच्या कारखान्यात फार विचित्र तेल वापरतात.

त्याच्या घरी गेलो की त्याचे वडील ओटीवर बसून जाळं विणत असायचे. खरं म्हणजे सांधत असायचे. भोक पडलेलं शोधायचं, दात आणि अंगठा यांच्यामध्ये दोरा धरायचा, लाकडी सुई फिरवायची. गंमत अशी की तोपर्यंत खाडीत धरण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. पाण्याला कसला तरी वास यायचा, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच जास्त. मी एकदा भीत भीत विचारलं, ‘बाबा, आता कशाला?’ म्हातारा वर न बघता म्हणाला, ‘फाटलाय म्हनून.’ बस, एवढंच. येणारा-जाणारा कुणीही तिथे टेकायचा, बोलता बोलता एखादं भोक सांधायचा आणि उठून जायचा. जाळं कुणाचं आहे हे कुणी विचारत नसे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्या ओटीवर आहे.

केंद्राशी माझा संबंध आला तो आईचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा. डोंबिवलीत एका हाउसिंग सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. पुढे टेबल, मागच्या खोलीत चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, पाण्याच्या गाद्या, एकमेकांवर रचलेल्या. ज्याच्या घरी आजारी माणूस असेल त्याने न्यायचं, काम झालं की आणून द्यायचं. भाडं नाही. अट एकच, वस्तू मोडली असेल तर नीट करून परत करायची. सगळं चालवणारी माणसं रिटायर झालेली किंवा व्हायच्या बेतात असलेली. टेबलावर कुमुदताई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर चाकाच्या खुर्चीतला पेशंटसुद्धा उठून उभा राहतो असं मी सर्वांना सांगत असे. आणि जोगळेकरकाका, वीज खात्यातून निवृत्त, कुलूप-किल्ली आणि मेन स्विच यांचे मालक. नोकरीत असताना कुठेतरी चालू राहिलेल्या एका इस्त्रीने जळलेलं घर त्यांनी पाहिलेलं. आत माणसं होती. त्याबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत. पण तेव्हापासून कुठल्याही जागेतून निघताना शेवटी मेन खाली करायचा, आणि त्याआधी मोठ्यांदा विचारायचं, ‘आत कोण आहे?’ हे त्यांचं संध्याकाळचं शुभंकरोती होतं.

मी हरीला रविवारी तिथे ओढून नेऊ लागलो. त्याने खुर्च्यांची चाकं सरळ केली, वॉकरचे पाय सांधले, आणि एका कमोडच्या खुर्चीला त्याने असं काही केलं की ती आपोआप चालत पेशंटकडे जाते अशी बातमी मी पार कल्याणपर्यंत पोचवली. लोक बघायला आले. काका माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. हरी मात्र खूश. आमचा कारखाना तेव्हा शेवटचे आचके देत होता. एकेक खातं बंद होत होतं. हरीने हाताने बनवलेली पॅनेलं, कंट्रोल बोर्ड, सगळं एक दिवस भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं आणि हा गेटवर उभा राहून बघत राहिला. त्या दिवशी तो मला म्हणाला, ‘मी केलेलं काय पण टिकत नाय रं. एक गोष्ट तरी अशी पायजे, की मी नसलो तरी चालंल.’ मी नेहमीप्रमाणे काहीतरी फाजील बोललो. आता त्या वाक्यातला नुसता एक शब्द आठवला तरी...

त्याच भंगारातून एक कॉम्प्युटर आम्ही केंद्रासाठी मागून आणला. त्यावर कोणती वस्तू कुणाकडे आहे हे ठेवायचा प्रोग्राम कुमुदताईंच्या भाच्याने लिहून दिला. पोरगा हुशार. डोंबिवलीतली हुशार पोरं त्या काळात जिथे जात होती तिथेच तोही गेला, अमेरिकेला. त्यानंतर एका सकाळी प्रोग्राम उघडेना. भाच्याला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती. तो झोपेत म्हणाला, ‘मावशी, आतलं काही उघडू नका, मी आलो की बघतो.’ केव्हा येणार? पुढच्या नाताळात. डोंबिवलीतल्या म्हाताऱ्यांची हाडं नाताळची वाट पाहत थांबणार होती होय? हरीच्या तोंडाचा पट्टा तिथे सुटला. ‘आपल्या खुर्च्या, आपली माणसं, आणि किल्ली न्यू जर्सीत?’ ही गर्जना तिथपर्यंत फोनशिवाय पोचली, आणि भाचा दचकून कॉटवरून पडला, हे मी कुमुदताईंनाच सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी हरी आला तो मासिकाबरोबर मिळालेली एक सीडी घेऊन. तिच्यावर लिनक्स. हे काय असतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण हरीने कमिटीच्या बैठकीत जे सांगितलं ते मला पाठ आहे. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था. फुकट. आणि उघडी. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बिघडलं तर कुणीही सांधावं.

‘फुकट?’ काका म्हणाले. ‘फुकट म्हणजे आत काहीतरी गोम असणार.’

‘तुमी चाकाची खुर्ची फुकट देता, तिच्यात गोम असते?’

‘ते वेगळं.’

‘काय वेगळं, काका? न्यायची, वापरायची, मोडली तर नीट करून परत आणायची. तुमचाच नियम हाय. ती माणसं पण तेच करतात. माझा बा ओटीवर तेच करतो!’

हरीचं म्हणणं पटलं, का नुसता आवाज पटला, ते सांगता येत नाही, पण ठराव झाला. कुमुदताईंनी फक्त एक विचारलं, ‘हरीभाऊ, तुम्ही आहात ना पण?’ हरी म्हणाला, ‘मी नसलो तरी चालणार, ताई, तेच तर सांगतोय.’ ताई हसल्या आणि म्हणाल्या, ‘असं नाही बोलू.’ त्या घटकेलाच आम्ही हरलेलो. आम्हाला कळलं नाही एवढंच.

पुढचे काही रविवार हरी त्या काळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसला. खुर्चीवर त्याला सुचत नसे. शेवटी एक दिवस पांढऱ्या अक्षरांत आमचे वॉकर, गाद्या, खुर्च्या सगळे रांगेत उभे राहिले. आत शिरायला पासवर्ड लागे. तो हरीने KOLSHET असा ठेवला आणि लाल ऑइलपेंटने भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवला. मी म्हटलं, ‘अरे, पासवर्ड लपवतात.’ तर म्हणाला, ‘मग तो भाचा काय वाईट होता?’ यंत्र बंद करण्यासाठीही एक शब्द टाइप करावा लागे. त्याने आधी ‘jato’ ठेवला. कुमुदताई म्हणाल्या, ‘घरातून निघताना जातो म्हणू नये.’ मग तो ‘yeto’ झाला. ‘येतो’ टाइप केलं की यंत्र आपलं सगळं आवरायला घेई, एकेक ओळ पुटपुटत, आणि मग मिटून जाई. त्याला जेमतेम एक मिनिट लागायचं.

ते एक मिनिट काकांनी त्याला कधी दिलं नाही.

काकांचा दुष्टपणा नव्हता. संध्याकाळ झाली, हाक मारली, ओ आली नाही, मेन खाली. यंत्र ओ देत नाही ना. आणि असं मध्येच गळा दाबल्यासारखं बंद केलं की या व्यवस्थेचं आतलं जाळं फाटायचं. सकाळी सुरू करताना ती स्वतःच तपासायची, आणि जास्त फाटलं असेल तर थांबून विचारायची, हे दुरुस्त करू का? हे करू? हे? प्रत्येक वेळी फक्त ‘वाय’ची, म्हणजे ‘येस’ची कळ दाबायची. बस. लहान मुलानेही दाबावी. पण केंद्रातून कोळशेतला फोन जायचा, ‘हरीभाऊ, यंत्र काहीतरी विचारतंय.’ आणि हरी रिक्षा, बस, गाडी, पुन्हा रिक्षा असं करत यायचा, वाय वाय वाय दाबायचा आणि परत जायचा. मी त्याला म्हटलं, फोनवर सांग ना. त्याने सांगूनही पाहिलं. पलीकडून कुमुदताई म्हणायच्या, ‘नको हो, तुमच्या गोष्टीला मी कशी हात लावू? काही झालं म्हणजे?’

बॅटरी आणली. मेन खाली केला की ती यंत्राला थोडा वेळ जिवंत ठेवणार, पण त्या वेळात कुंई कुंई करणार. काका दारापर्यंत गेलेले कुंई कुंई ऐकून परत आले, काहीतरी चालू राहिलंय म्हणून, आणि बॅटरीसुद्धा बंद करून समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच हरीला सांगितलं, ‘बरं झालं वाजली. नाहीतर रात्रभर राहिली असती.’ हरी त्यांच्याकडे बघत राहिला. माझी शपथ, त्याच्या डोक्यातून वाफ निघालेली मी पाहिली आहे.

आता मला वाटतं, हरीला एक गोष्ट कळलीच नाही, आणि मला कळत होती तरी ती सांगता आली नाही. त्याच्या ओटीवर दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावणं हा शेजारधर्म. आमच्याकडे लहानपणापासून शिकवण एकच, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. कुमुदताईंनी चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गांना हेच शिकवण्यात हयात घालवलेली. त्यांच्या दृष्टीने ते यंत्र जगभरच्या लोकांचं नव्हतं, केंद्राचंही नव्हतं. ते हरीभाऊंचं होतं. रोज सकाळी त्या त्याच्यावरची धूळ पुसायच्या, दसऱ्याला झेंडूचं फूल वाहायच्या, त्याच्यावर घालायला स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर आणलं. आदर इतका, की कळ दाबायची नाही.

हरीने शेवटी एक दिवस ठरवला. त्या शनिवारी ताईंनी एकटीने एक वॉकर यंत्रावर नोंदवून द्यायचा आणि शेवटी ‘येतो’ म्हणून बंद करायचं. हरी शेजारी असला की ताईंचा हात सराईतपणे चालायचा. तो चहाला उठला की हात मांडीवर. म्हणून त्याने युक्ती काढली. ‘मी आज येत नाही’ असं फोनवर सांगितलं, आणि दुपारी काका दार उघडून चहाला गेले तेवढ्यात, ताई यायच्या आत, मागच्या खोलीत जाऊन कमोडच्या खुर्चीवर बसून राहिला. श्वास रोखून. हरीसारख्या माणसाने आवाज न करता बसणं म्हणजे... हत्तीने पाय न वाजवता नाचण्याइतकं अवघड, असं म्हणतो, याहून बरी उपमा सुचत नाहीये. हा बेत फक्त मला ठाऊक. मी पुढे टेबलाशी पेपर वाचण्याचं सोंग करत होतो.

संध्याकाळी एक बाई आल्या, सासऱ्यांसाठी वॉकर हवा म्हणून. कुमुदताईंनी यंत्र सुरू केलं. यंत्राने तपासणी केली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, हे दुरुस्त करू का? ताई पडद्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे. मग माझ्याकडे. ‘हरीभाऊ येणारच नाहीत का हो आज?’ मी पेपर तोंडावर धरला. त्यांनी बोट उचललं, अगदी कळेच्या वर नेलं... मी पेपरला भोक पाडून बघत होतो, खोटं नाही सांगत. आत हरीही फटीतून बघत असणार. ते बोट तिथे किती वेळ होतं, देव जाणे. तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, ‘राहू दे का, उद्या येते.’ आणि ताईंनी बोट मागे घेतलं, खालचा ड्रॉवर उघडला, जुनं कोरं कार्ड काढलं, सुंदर अक्षरात नाव घातलं आणि वॉकर देऊन टाकला. यंत्रावर क्रोशाचं कव्हर घातलं. मी आत जाऊन हरीला उठवायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बघायची माझी हिंमत झाली नाही, मी ताईंबरोबर बाहेर पडलो. काकांनी विचारलं, ‘आत कोण आहे?’ आतून ओ आली नाही. मेन खाली. कुलूप.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही. बैठक नाही, ठराव नाही. कार्डं आपोआप ड्रॉवरमधून टेबलावर आली. हरी येत राहिला, वाय वाय वाय दाबत राहिला, आणि कार्डांवरच्या नोंदी स्वतः यंत्रात भरत राहिला. मी एकदा वैतागून म्हटलं, ‘अरे कशाला? कुणी बघत तरी आहे का?’ त्याने वर न बघता सांगितलं, ‘फाटलंय म्हणून.’ सांगता सांगता त्याचं त्यालाच काय ते कळलं असावं, कारण त्या दिवशी तो लवकर घरी गेला.

मग पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी, मग कावीळ, मग डॉक्टर जे नाव आधी नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात ते. पावसाळ्यानंतर त्याला चालवेना. त्याची बायको वत्सलावहिनी केंद्रात आली. कुमुदताईंनी सगळ्यात चांगली खुर्ची काढली, जिची चाकं हरीनेच सरळ केलेली. नोंद कार्डावर. यंत्र पुन्हा काहीतरी विचारत उभं होतं, आणि यावेळी फोन कुणाला करणार?

दिवाळीच्या आधी मी कोळशेतला गेलेलो. अंगणात तो त्या खुर्चीत, इतका वाळलेला की खुर्चीतच आणखी एक माणूस बसेल. वडील कधीच गेलेले, पण खुंटीला त्यांचं जाळं तसंच. मी बसल्या बसल्या सुरू केलं. केंद्रात कशी गर्दी, कल्याणची माणसं कशी यंत्र बघायला येतात, कुमुदताई कशा डोळे मिटून टाइप करतात, काका तर आता स्वतःच ‘येतो’ म्हटल्याशिवाय मेनला हात लावत नाहीत. मी जन्मभर लोकांना थापा मारल्या, चालती कमोडची खुर्ची लोकांच्या गळी उतरवली. हे मात्र काही केल्या रंगेना. हरी ऐकत होता. मग त्याने हळूच विचारलं, ‘माजी खुर्ची कशावर नोंदवली रं?’

मी म्हटलं, ‘यंत्रावर. कशावर म्हणजे काय!’

‘थापाड्या,’ तो म्हणाला. अगदी खालच्या आवाजात. ‘आज तुला जमत नाय बग.’

तेवढ्यात कुमुदताईही आल्या, ठरवल्यासारख्या, डब्यात बेसनाचे लाडू घेऊन. हरीने त्यांना जवळ बसवलं आणि बोटाने हवेत कळ दाबून दाखवली. ‘ताई, फक्त वाय. काय पण विचारलं तर वाय. बिघडलं तर बिघडू दे, तुमचंच हाय ते. एवढं कराल?’ तो कधी कुणाकडे काही मागायचा नाही. हे मागत होता. ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचं ते बोट हातात धरलं आणि मनापासून, अगदी आतून म्हणाल्या, ‘तुम्ही लवकर बरे व्हा, हरीभाऊ. बरे व्हा आणि तुम्हीच या करायला.’ याहून चांगली सदिच्छा आमच्यात नाही. हरीने बोट सोडवून घेतलं आणि खाडीकडे बघत बसला.

भाऊबीज झाली आणि सकाळी वत्सलावहिनीचा फोन आला. ‘गेले’ एवढंच म्हणाली. हरी सोडला तर त्या घरातलं कुणी इतक्या हळू बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

परवा वहिनीबरोबर खुर्ची परत करायला केंद्रात गेलो. वहिनीने ती धुऊन, चाकांना तेल घालून आणलेली. एका हाताखालचं रेक्झिन फाटलं होतं, त्याला तिने मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याने टाके घातलेले. नियम म्हणजे नियम. कुमुदताईंनी ते टाके बोटाने चाचपून पाहिले, हरीचं कार्ड काढलं, ‘परत’ असं लिहिलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसल्या. भिंतीला दिवाळीत डिस्टेंपर लावलाय, फिकट पिवळा. पण ऑइलपेंटवर तो काही बसत नाही. खालून लाल अक्षरं उमटून आलीत, आधी पुसट वाटतात, मग बघत राहिलं की सगळी वाचता येतात. टेबलावर क्रोशाच्या कव्हराखाली यंत्र. मी कव्हर जरा उचललं. सुरू केलं तर ते काय विचारेल ते मला ठाऊक होतं, कोणती कळ दाबायची तेही ठाऊक होतं. मी कव्हर पुन्हा नीट केलं, टोकं सारखी केली.

आम्ही बाहेर आलो. वहिनी रिक्षा बघायला पुढे गेली. काका मागे राहिले, हात वर करून त्यांनी मेन खाली केला, दार ओढून कुलूप लावलं, ते दोनदा हिसडून पाहिलं. काहीतरी राहिलं असं मला वाटत होतं, काय ते आधी लक्षात येईना. मग आलं.

‘काका, आज हाक नाही मारलीत?’

काकांनी किल्ली खिशात टाकली.

‘आत कुणी नसतं आता.’